हसणारा डॉक्टर आणि मुका रुग्ण

विनोदी कृतीचे परीक्षण करताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे हास्य कशामुळे निर्माण झाले? विसंगती, अतिशयोक्ती, कोटी, उपहास अशी कारणे सांगून झाली की परीक्षण पुरे झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या अलीकडचा एक प्रश्न विचारावा लागतो. हे हास्य कोणत्या भाषेत घडले, आणि त्या वेळी तेथे हजर असलेल्यांपैकी ती भाषा कोणाला येत नव्हती? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे युद्धभूमीवरील डॉक्टरांविषयीच्या दोन कृतींचा विचार करावयाचा आहे. पहिली कृती म्हणजे अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘मॅश’ ही मालिका, दुसरी, व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा १९४६ सालचा हिंदी चित्रपट. पहिली हसविता हसविता रडविते, दुसरी हसविण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. दोहोंची कीर्ती मोठी आहे आणि ती अस्थानी नाही. तरीही एका ठिकाणी दोघींची गत सारखीच झाली आहे, असे माझे मत आहे.

‘मॅश’चा इतिहास थोडक्यात असा. कोरियन युद्धात अमेरिकन सैन्याच्या फिरत्या शस्त्रक्रिया-रुग्णालयात काम केलेल्या एका शल्यविशारदाने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. अशा रुग्णालयाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे म्हणजे ‘मॅश’. रॉबर्ट ऑल्टमन यांनी १९७० साली तीवर चित्रपट काढला आणि १७ सप्टेंबर १९७२ पासून सी. बी. एस. या वाहिनीवर मालिका सुरू झाली. लॅरी गेल्बार्ट यांनी तिला आकार दिला. ती २८ फेब्रुवारी १९८३ पर्यंत चालली. एकूण २५६ भाग झाले. जे युद्ध जून १९५० ते जुलै १९५३ एवढेच चालले, त्याची कथा सांगायला अकरा हंगाम लागले. या ताणलेल्या काळाचा परिणाम पाहणाऱ्यावर विलक्षण होतो. त्याच तंबूत तोच हिवाळा पुनःपुन्हा येतो आणि युद्ध संपत नाही. हा परिणाम योजून साधला की धंद्याच्या गरजेतून आपोआप साधला, हा प्रश्न गौण आहे.

शस्त्रक्रियेच्या तंबूतील बोलणे या मालिकेचा गाभा होय, आणि ते दोन जातींच्या वाक्यांनी विणलेले आहे. पहिली जात एकपदी वाक्यांची : क्लॅम्प, स्पंज, सक्शन. येथे क्रियापद नाही, संबोधन नाही, विनंतीचा सूरही नाही. अशा वाक्यांना अपूर्ण म्हणण्याची चूक जुने व्याकरण करीत असे. वस्तुतः ती पूर्ण असतात, कारण वाक्याचा उरलेला भाग परिस्थितीने पुरविलेला असतो. एस. टी.त वाहकाकडे पैसे पुढे करून “एक आमगाव” म्हणणारा प्रवासी अपूर्ण बोलतो असे कोणी म्हणत नाही. त्याला तिकीट मिळते. तसेच तंबूत क्लॅम्प म्हटले की क्लॅम्प हातात येतो. शब्द आणि वस्तू यांमध्ये काहीही शिरत नाही.

दुसरी जात याच्या अगदी उलट. डॉ. पिअर्स – ज्यांना सर्व जण ‘हॉकआय’ म्हणतात आणि ज्यांची भूमिका ॲलन ऑल्डा यांनी केली – हात रुग्णाच्या पोटात असताना लांबच लांब, वळणे घेत जाणारी वाक्ये बोलतात. त्यांत जुने चित्रपट येतात, म्हणी उलट्या करून येतात, वरिष्ठांची नक्कल येते, आणि शेवटच्या शब्दावर वाक्य पलटी खाते. (जाता जाता सांगावयाचे तर अशा वाक्यांचा मराठी अनुवाद करणाऱ्याची मोठी अडचण होते. इंग्रजीत विनोदाची कळ वाक्याच्या टोकाशी ठेवता येते. मराठीत ती टोकाशी नेऊन ठेवावी तोच क्रियापद येऊन तिच्यावर बसते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या भागाचा अनुवाद करून पाहावा. मराठी शब्दक्रमाविषयी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा अधिक कळेल.) या वाक्यांनी काहीही मागितलेले नसते. मग ती बोलली का जातात? मालिनोव्स्की यांनी १९२३ साली केवळ संपर्क टिकविण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले होते, आणि पुढे १९६० साली याकोब्सन यांनी त्याला भाषेच्या स्वतंत्र कार्याचे स्थान दिले. हॉकआयचा विनोद हा त्या कार्याचा उत्तम नमुना आहे. त्याचा आशय काहीही असो, त्याचा अर्थ पलीकडच्या टेबलाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्यासाठी एवढाच असतो : मी अजून उभा आहे, तूही राहा.

या रचनेला एका बाहेरच्या गोष्टीने अनपेक्षित आधार दिला. त्या काळी अमेरिकेतील विनोदी मालिकांत आधी मुद्रित केलेला हशा मिसळण्याची पद्धत होती, आणि वाहिनीने ‘मॅश’च्या बाबतीतही तो आग्रह धरला. निर्मात्यांना तो नको होता. शेवटी तडजोड झाली ती अशी की शस्त्रक्रियेच्या तंबूत हशा वाजावयाचा नाही. मुद्रित हशा हे एक प्रकारचे विरामचिन्हच असते. येथे विनोद संपला, असे ते प्रेक्षकाला सांगते. ते चिन्ह तंबूच्या दाराशी काढून घेतल्याने आतील विनोद उघडा पडतो. तो विनोद होता की कण्हणे होते, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. बी. बी. सी.ने ब्रिटनमध्ये ही मालिका मुद्रित हशा वगळून दाखविली, आणि रसिकतेच्या दृष्टीने तिचे कौतुकच व्हावयास हवे. पण माझ्या मते त्यात थोडे नुकसानही झाले. सर्वत्र शांतता असली की तंबूतील शांततेचे वेगळेपण ऐकू येत नाही.

तंबूतील भाषेची ही व्यवस्था एकदाच पूर्णपणे मोडली. १८ मार्च १९७५ रोजी दाखविलेल्या भागात रुग्णालयाचे प्रमुख हेन्री ब्लेक सेवामुक्त होऊन घरी निघतात. निरोप होतो, थट्टा होते. अखेरीस कारकून रडार तोंडावर आच्छादन न लावताच तंबूत येतो आणि ब्लेक यांचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही, हा संदेश वाचून दाखवितो. आता तेथे एकपदी मागणी नाही आणि विनोदही नाही. सरकारी संदेशाची कोरडी भाषा तेवढी आहे. उत्तरादाखल कोणी काही बोलत नाही. एखादे हत्यार खाली पडल्याचा आवाज होतो आणि काम पुढे चालू राहते. त्या भागाचे इंग्रजी शीर्षकही पाहण्यासारखे आहे. ‘ॲबिसिनिया, हेन्री’ यातील देशाचे नाव भरभर उच्चारले की ‘पुन्हा भेटू’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य ऐकू येते. कोटीत दडविलेले निरोपाचे वचन, आणि शेवटी ते वचन खोटे ठरणे – श्लेषाचा असा उपयोग क्वचित आढळतो.

आपल्या साहित्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे एक पेच उभा राहतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण या दोन रसांचा निर्देश केला आहे. ‘मॅश’ तर या तिघांनाही एकाच तंबूत बसविते. पण हा पेच आनंदवर्धनाने पाच शतके आधीच सोडवून ठेवला आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधी रस एकत्र कसे नांदू शकतात याचे मार्ग सांगितले आहेत : एकाला दुसऱ्याचे अंग करावे, दोहोंमध्ये तिसरा अविरोधी रस घालावा, किंवा दोहोंचे आश्रय भिन्न ठेवावेत. आपल्या झाडीपट्टीतील नाटक यांपैकी दुसऱ्या मार्गाने जाते. मंडईच्या दिवसांत रात्र रात्र चालणाऱ्या त्या प्रयोगांत आईच्या मृत्यूचा प्रवेश संपतो, मध्ये गाणे होते, आणि मग विनोदी पात्र येते. शहरी परीक्षकांनी यास भेसळ म्हणून नाके मुरडली आहेत. त्यांनी ‘ध्वन्यालोक’ नीट वाचला असता तर मुरडली नसती. ‘मॅश’ तिसऱ्या मार्गाने जाते. तंबूत हास्याचा आश्रय डॉक्टर आहे आणि करुणाचा आश्रय टेबलावरचा जखमी. आश्रय भिन्न असल्यामुळे रसविरोध नाही. शास्त्राचे समाधान झाले.

पण टीकाकाराचे समाधान येथे होऊ नये. आश्रय भिन्न आहेत याचा अर्थ हास्य उभ्या माणसाच्या वाट्याला आले आणि दुःख आडव्या माणसाच्या. तो आडवा माणूस हसत नाही, कारण त्याला भूल दिलेली आहे. आणि तो कोरियन असेल तर भूल उतरल्यावरही त्याला तो विनोद कळणार नाही, कारण तो इंग्रजीत आहे. यावर असे म्हटले जाईल – आणि ‘मॅश’चे चाहते नेहमी तसे म्हणतात – की विनोद हे डॉक्टरचे कवच आहे, तो हसला नाही तर त्याचा हात थरथरेल आणि जखमीच मरेल. हे मला मान्य आहे. कवचाची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु अकरा हंगाम चाललेल्या कृतीने त्या कवचाची आतली बाजूच तेवढी दाखविली, तर बाहेर कोण उरले हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे.

बाहेर उरला तो कोरिया. मालिकेत कोरियन माणसे पुष्कळ येतात : शेतकरी, अनाथ मुले, निर्वासित, चोरटे, मोलकरणी. पुष्कळदा ती जपानी वा चिनी वंशाच्या अमेरिकन नटांनी वठविली आहेत. त्यांपैकी जी मोडके इंग्रजी बोलतात त्यांना स्वभाव आहे. जी बोलत नाहीत त्यांना केवळ दुःख आहे. याचे कारण दिग्दर्शकांची अनास्था असे म्हणणे सोपे, पण अन्यायाचे होईल. खरे कारण कृतीच्या अर्थव्यवहारातच आहे. १९७२ साली व्हिएतनामचे युद्ध चालू होते, आणि कोरियाच्या नावाने व्हिएतनामविषयी बोलले जात आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला कळत होते. म्हणजे ‘मॅश’ ही एक विस्तृत अन्योक्ती होती. अन्योक्तीत वाच्यार्थाची दशा काय होते, हे आपल्याला संस्कृत सुभाषितांवरून ठाऊक आहे. चातकाच्या निमित्ताने याचकाविषयी बोलले जाते. चातकाला तहान लागली आहे काय, याची चौकशी कोणी करीत नाही. कोरिया हा ‘मॅश’चा चातक होता.

मालिकेत ऐकण्याचे काम एकाच पात्राकडे सोपविलेले आहे. रडार हे त्याचे टोपणनावच त्याच्या कानांवरून पडले : जखमींना घेऊन येणाऱ्या हेलिकॉप्टरांचा आवाज त्याला इतरांच्या आधी येतो, आणि वरिष्ठ जे वाक्य उच्चारणार ते तो त्यांच्याही आधी उच्चारतो. एकाच्या तोंडचे वाक्य दुसऱ्याने आधीच पुरे करावे, हा संभाषणाच्या क्रमावर केलेला फार हुशार विनोद आहे. १९७९ साली हे पात्र मालिकेतून गेले. त्यानंतरचे भाग पाहताना सर्व जण बोलत आहेत आणि ऐकणारा कोणी नाही, असे वाटत राहते. उपदेशाचा सूर वाढला तो याच काळात. हॉकआयची लांब वाक्ये आता पलटी खाईनाशी झाली, ती सरळ व्याख्यानाकडे जाऊ लागली.

रुग्णाचे ऐकण्याचा प्रश्न दूरदेशीचा आहे, असे आपल्या जिल्ह्यात तरी कोणी समजू नये. गोंदियाच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागासमोरच्या रांगेत झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारी माणसे एकामागे एक उभी असतात. टेबलापलीकडचा तरुण डॉक्टर पुण्याचा किंवा लातूरचा असू शकतो. एकट्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका निराळा, कळ निराळी. सलणे, चमकणे, मुरडणे, जळजळणे, ओढ लागणे, या प्रत्येकाने शरीरातील वेगळी घटना सांगितली जाते. केसपेपरावर या सर्वांचा मिळून ‘पेन’ असा एकच शब्द होतो. मग ज्याची बोली प्रमाण मराठीही नाही, त्याच्या शब्दाचे काय होत असेल? विभागातील कोणी विद्यार्थ्याने गोंडीतील आणि पोवारीतील व्यथावाचक शब्दांचा संग्रह केला, तर तो भाषाशास्त्राला आणि वैद्यकाला एकाच वेळी उपयोगी पडेल.

‘मॅश’चा मोठेपणा असा की तिने हा हिशेब अखेरच्या भागात स्वतःच मांडला. अडीच तासांच्या त्या भागाचे दिग्दर्शन ऑल्डा यांनीच केले. अमेरिकेत तो दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. आरंभी हॉकआय मनोरुग्णालयात आहे. मनोवैद्याला तो एक आठवण सांगतो. सर्व जण एका बसमधून येत होते, वाटेत निर्वासित व जखमी घेतले. शत्रूची गस्त जवळ आल्याने बस अंधारात थांबवून गप्प बसावे लागले. मागे एका कोरियन स्त्रीजवळ कोंबडी होती, ती ओरडत होती. हॉकआयने त्या स्त्रीला दटावून तिला गप्प करायला सांगितले, आणि तिने कोंबडीचा जीव घेतला. मनोवैद्य हळूहळू आठवणीच्या तळाशी जातो, तेव्हा कळते की ती कोंबडी नव्हती. ते त्या स्त्रीचे मूल होते.

येथे काय घडले ते केवळ भाषेच्या अंगाने पाहावे. एका नामाच्या जागी दुसरे नाम आले. हॉकआयच्या सर्व विनोदाची युक्ती नेमकी हीच होती : अपेक्षित शब्दाच्या जागी अनपेक्षित शब्द ठेवावयाचा. ज्या युक्तीने त्याने अकरा हंगाम स्वतःला आणि इतरांना सावरले, त्याच युक्तीने त्याच्या मनाने त्याला फसविले. विनोद आणि विस्मरण यांचे यंत्र एकच निघाले. आणि त्या रात्री मालिकेत प्रथमच एका कोरियन स्त्रीने डॉक्टरचे बोलणे पूर्णपणे समजून घेतले, नको तितके समजून घेतले. हास्य आणि करुण यांचे निराळे ठेवलेले आश्रय येथे एक होतात. करुण उभ्या माणसावर येऊन पडतो. त्या स्त्रीला मात्र याही प्रसंगी बोलायला जवळजवळ वाव नाही. तिचे दुःख आपल्याला हॉकआयच्या आठवणीतून, त्याच्या इंग्रजीतून कळते. प्रायश्चित्तही ज्याचे त्याच्याच भाषेत झाले.

याच भागात डॉ. विंचेस्टर शरण आलेल्या पाच चिनी वादकांना मोत्सार्टची क्लॅरिनेटसाठी रचलेली पंचवादन-रचना शिकवितात. समान भाषा एकही नाही, म्हणून सूर गुणगुणून शिकवावे लागते. पुढे ते सारे वादक मारले जातात. मला हे उपकथानक कोंबडीच्या प्रसंगाहून अधिक मोलाचे वाटते, कारण परभाषिकाशी काहीतरी देवघेव करण्याचा संपूर्ण मालिकेतील हा विरळा प्रयत्न आहे. तो संगीतात झाला, वैद्यकात नाही, हे सूचक आहे.

त्याच कोरियात, त्याच वर्षांत, भारतीय डॉक्टरही होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारताचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक १९५० च्या नोव्हेंबरात तेथे पोचले. प्याँगयाँगहून माघार घ्यावयाच्या वेळी वाहने मिळेनात, तेव्हा पथकातील माणसांनी बेवारस पडलेले एक वाफेचे इंजिन शोधून काढले, हातोहात बादल्या देऊन बाष्पकात पाणी भरले आणि आपले वैद्यकीय सामान घेऊन गाडी दक्षिणेकडे आणली. पथकाचा एक भाग देगू येथे कोरियन रुग्णांची सेवा करीत होता. इतका नाट्यमय आणि खरोखर विनोदी-गंभीर विषय कोणा भारतीय लेखकाने अद्याप समर्थपणे हाताळलेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे युद्धावरील डॉक्टर म्हटला की एकच नाव पुढे येते.

ते नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ साली राष्ट्रीय सभेने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून गेला. पथकात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांपैकी चोळकर हे आपल्या नागपूरचे. १९३९ साली ते येनानला पोचले. पुढे कोटणीस आठव्या मार्गसेनेबरोबर राहिले, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील परिचर्या-शिक्षिका कुओ छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून अब्बास आणि व. प. साठे यांनी पटकथा लिहिली, शांताराम यांनी दिग्दर्शन करून नायकाचीही भूमिका केली, जयश्री यांनी चिनी नायिकेची. चित्रपटाचा आवेश खरा आहे, त्यातील समूहदृश्यांचे सामर्थ्य आजही जाणवते, आणि १९४६ साली परक्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याविषयी इतक्या आस्थेने बोलणारा चित्रपट काढणे हे धाडसच होते. पण चित्रपटाने नायकाचा मृत्यू बदलला. पडद्यावरील कोटणीस भयंकर साथीवर उपाय शोधतात आणि त्याच साथीला बळी पडतात. शांताराम यांचे कारण उघड आहे : अपस्मार हा नाट्याला निरुपयोगी रोग. तो कोणासाठी पत्करता येत नाही. हुतात्म्याचा मृत्यू त्याच्या कर्तव्यातून उद्‌भवावा लागतो, म्हणून एका रोगनामाच्या जागी दुसरे ठेवले गेले. हॉकआयच्या मनाने जे केले तेच येथे पटकथेने केले. फरक इतकाच की येथे कोणी मनोवैद्य आला नाही.

दुसरा बदल याहून मोठा आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या चित्रपटातील चीन हिंदी बोलतो. बाबूराव पेंढारकर चिनी सेनानी होऊन हिंदी बोलतात, जयश्री चिनी युवती होऊन हिंदी बोलतात. हा नाट्यसंकेत आहे, त्यास दोष देण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. पण आपल्या परंपरेत दुसराही संकेत होता. ‘मृच्छकटिका’त एकाच रंगमंचावर संस्कृत आणि अनेक प्राकृते वावरतात, आणि शकाराचे हास्यास्पद होणे हे बरेचसे त्याच्या बोलीत आहे. भाषाभेद दाखविणे ही आपल्या नाटककाराला अडचण वाटत नव्हती, ती त्याची साधनसामग्री होती. आणि कोटणीसांच्या चरित्रात तर भाषा हाच मुख्य पराक्रम आहे. बेथ्यून दुभाष्याच्या आधाराने काम करीत. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकले. चिनी विद्यार्थ्यांना त्यांनी चिनीतून शिकविले. शल्यचिकित्सेवरील पाठ्यपुस्तक त्या भाषेत लिहावयास घेतले, ते अपुरे राहिले. नावेसुद्धा बदलली. पाचही डॉक्टरांनी आपापल्या आडनावाच्या चिनी रूपापुढे चीन या अर्थाचे ‘ह्वा’ हे अक्षर जोडले, आणि कोटणीस तेथे ‘ख दी-ह्वा’ झाले. मुलाचे नाव ‘यिन-ह्वा’ ठेवले, त्यात भारत आणि चीन असे दोन देश दोन अक्षरांत आहेत. ‘मॅश’मधील टोपणनावे डॉक्टर एकमेकांना देतात, हे नाव रुग्णांना उच्चारता यावे असे होते.

सर्वांच्या तोंडी एकच हिंदी घातल्याबरोबर हे सारे पुसले जाते, आणि त्याबरोबर चित्रपटातील हास्याची शक्यताही नाहीशी होते. परकी भाषा शिकणाऱ्या प्रौढ माणसाइतके हास्यास्पद कोणी नसते. प्रमाण चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो. ‘वन्’ हे अक्षर उतरत्या सुरात उच्चारले तर अर्थ होतो ‘विचारणे’. खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात उच्चारले तर ‘चुंबन घेणे’. रुग्णाला काही विचारावयाचे आहे, हे वाक्य ज्याला दिवसातून शंभरदा बोलावयाचे, त्या सोलापूरच्या डॉक्टरची, सुरांवर शब्दार्थ अवलंबून नसलेल्या भाषेतून आलेल्या माणसाची, पहिल्या काही महिन्यांत काय अवस्था होऊ शकते, याची कल्पना करावी. खाटेवरचा जखमी शेतकरी हसतो, शेजारच्या खाटेवरचा हसतो, परिचारिका तोंड फिरवून हसते, आणि मध्ये उभा असलेला डॉक्टर सूर सुधारून तोच प्रश्न पुन्हा विचारतो. तेथे हास्याचा आश्रय रुग्ण आहे.